ओढ आणि सोड

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं, तेव्हा आतून निघालेला पाय मला माझा वाटेना. कातडी कोंड्यासारखी सुटत होती, नडगीवर नको तेवढी लव वाढली होती आणि मांडी तर ओळखूच येत नव्हती. रिकामी पिशवी हाडाला अडकवून ठेवावी तशी ती लोंबत होती. हाड जुळलं होतं. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला ते काम झालं होतं. पण हाडाभोवती जे होतं, ज्याची मी साठ वर्षांत कधी विचारपूस केली नव्हती, ते या दीड महिन्यात गुपचूप निघून गेलं होतं.

फिजिओथेरपीला येणारी मुलगी पंचविशीतली. तिनं टॉवेलची गुंडाळी करून माझ्या गुडघ्याखाली ठेवली आणि म्हणाली, “काकू, गुडघ्यानं हा टॉवेल खाली दाबायचा. मांडी घट्ट करायची. करा.” मी केलं. म्हणजे मनानं केलं. मांडी हलली नाही. मी दात आवळले, मुठी आवळल्या, दुसरी मांडी दगडासारखी घट्ट झाली. ही मात्र ढिम्म. मी आज्ञा करावी आणि माझ्याच अंगानं ती ऐकू नये, हा अनुभव मला नवीन होता. डोळ्यांत पाणी आलं. त्या मुलीनं माझा हात उचलून आधी चांगल्या मांडीवर ठेवला, मग दुसऱ्या. “हिला आठवण करून द्यायची आहे फक्त,” ती म्हणाली. “विसरलीय ती.”

चौथ्या दिवशी तळहाताखाली काहीतरी हललं. गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला, लिंबाएवढं. आलं आणि गेलं. मला एकदम शब्द आठवला: बेटकुळी.

लहानपणी आम्ही चुलतभावंडं दंड फुगवून एकमेकांना बेटकुळ्या दाखवायचो. कोपरात हात दुमडला की कातडीखाली बेडूक उसळी मारून वर येतो, हात सरळ केला की दडी मारतो. आपल्या माणसांनी त्यात बेडूक पाहिला. रोमन माणसांनी तिथेच उंदीर पाहिला. लॅटिनमध्ये मस्क्युलस म्हणजे पिटुकला उंदीर, आणि त्याच्यापासून मसल. दोन्हीकडच्या लोकांना कातडीखाली एक जिवंत, चपळ, स्वतःच्या मर्जीनं धावणारं जनावर दिसावं, हे मला फार खरं वाटतं. प्लास्टरनंतरच्या त्या दिवसांत माझ्या मांडीत तेच राहत होतं. मी बोलवायची, ते ऐकायचं नाही. मी नाद सोडला की हळूच तोंड बाहेर काढायचं.

आमच्या शब्दांनी बाकी मोठा प्रवास केला आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या पाचशे पेशी आणि नऊशे स्नायू मोजलेले आहेत. तिथं पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आजचा मसल. आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारा चिवट दोर. आज आपण मसलला स्नायू म्हणतो आणि पेशी हा शब्द सेलला देऊन टाकलाय. ज्यानं बांधायचं त्याच्या नावावर ओढणाऱ्यानं घर केलं. आज शरीरशास्त्राची पुस्तकं हाडांना हलवणारे सहाशेच्या वर स्नायू सांगतात. घरात मात्र आपण नावं ठेवतो ती त्यांच्या दुखण्याची. पायात गोळा येतो, वांब येतात, पाठीत उसण भरते, कमरेत लचक, मानेत चमक. अंग मोडून येतं. सकाळी उठून आळोखेपिळोखे देतो. ठणठणीत असलेल्या स्नायूसाठी आपल्याकडे फारसा शब्द नाही, आणि दुखणाऱ्यासाठी प्रत्येक वेळी नेमका आहे.

“दाबा,” ती मुलगी म्हणायची. मी दाबायची. पाच आकडे मोजून ती म्हणायची, “आता सोडा.” आणि गंमत अशी की पुढे पुढे दाबायला जमायला लागलं, पण सोडायला जमेना. मांडी थरथरत राहायची, तशीच आखडून धरायची, जणू एकदा हाताला लागलेली वस्तू आता तिला द्यायची नव्हती. “सगळं सोडा काकू. पूर्ण सैल.” ते ऐकताना मला पन्नास वर्षांपूर्वीची पहाट ऐकू यायची.

कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात तेव्हा गिरणी झाली होती, पण आजीचा गिरणीच्या पिठावर विश्वास नव्हता. पीठ जळतं म्हणायची. पहाटे ती आणि माझी आई, सासू-सून, जात्याला समोरासमोर बसायच्या. एकच खुंटा, त्याच्यावर दोघींचा एकेक हात. कंदिलाच्या उजेडात दोघींच्या सावल्या भिंतीवर पुढे-मागे झुलायच्या. एकदा आईला ताप होता म्हणून तिच्या जागी मी बसले. दहा-अकरा वर्षांची असेन. चार फेऱ्यांत माझा खांदा भरून आला आणि जातं अडखळायला लागलं. आजी थांबली. “अगं, सोड की गं हात,” ती म्हणाली. “म्या वढतीया तवा बी तू धरूनच बसतीस. माझ्या पाळीला तू सोडायचं, तुझ्या पाळीला म्या सोडती.” मी खुंटा सोडून दिला तर ती हसली. “हात काडू नगंस. हात ठिवायचा, जोर सोडायचा.”

हात ठेवायचा आणि जोर सोडायचा. ते मला त्या दिवशी जमलं नाही.

स्नायूला एकच गोष्ट येते: ओढणं. शरीरात ढकलू शकणारा स्नायू नाही. आपण दार ढकलतो, गाडी ढकलतो, तेव्हाही आत कुठेतरी ओढाओढच चाललेली असते. दंडाच्या मागचा स्नायू कोपराला मागून ओढून हात सरळ करतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते ढकलणं दिसतं. म्हणून जिथं जिथं हालचाल आहे तिथं निदान दोघं समोरासमोर बसलेले आहेत. दंडाच्या पुढचा कोपर दुमडतो, मागचा उलगडतो. मांडीच्या पुढचा गुडघा सरळ करतो, मागचे वाकवतात. एक ओढतो तेव्हा दुसऱ्यानं सैल व्हायचं, आणि हे त्याच्या लक्षात आणून द्यायला कुणीतरी लागतं. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवलं की ते काम मज्जारज्जू करतो. एकाला “ओढ” असा निरोप जातो त्याच क्षणी त्याच्या जोडीदाराच्या निरोपाला लगाम घातला जातो. शेरिंग्टनला 1932 साली नोबेल मिळालं. मी हे वाचलं तेव्हा मला आजीचा हात दिसला, खुंट्यावर हलकेच ठेवलेला.

आता त्या ओढण्याच्या आत जाऊन बघावं. आजीच्या घरी अंबाडीच्या वाखाचे दोर वळत. धागे घेऊन पीळ, पीळ घेऊन दोर, दोर घेऊन नाडा. स्नायू जवळपास तसाच बांधलेला आहे, फक्त पीळ न देता. सगळा स्नायू एका पातळ वेष्टनात. त्याच्या आत जुड्या, प्रत्येक जुडीला आपलं वेष्टन. जुडीच्या आत तंतू, प्रत्येक तंतूला आपलं. हा एकेक तंतू म्हणजे एकच सेल, पण केवढा! काही तर वीतभर लांब, आणि एवढ्या लांबीचा कारभार बघायला त्यात एका केंद्रकाऐवजी शेकडो. टोकाला ही सगळी वेष्टनं एकत्र येऊन पांढरी, चकचकीत, चिवट शीर होते आणि हाडात रुतते. टाचेच्या वर चिमटीत धरता येते ती अशीच एक.

तंतूच्या आत आणखी बारीक दोर, आणि त्या दोरांवर ओळीनं खोल्या. एक खोली साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-अडीचपट लांब. म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये अशा चार हजारांवर खोल्या एकीला एक लागून. प्रत्येक खोलीत दोन प्रकारच्या काड्या, जाड आणि बारीक, दोन फण्यांचे दात एकमेकांत घालावेत तशा. स्नायू आखडतो म्हणजे या काड्या आखडतात, गुंडाळतात, असं कितीतरी काळ मानलं जात होतं. 1954 साली नेचर या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख पाठोपाठ छापून आले. एक अँड्र्यू हक्स्ली आणि रॉल्फ निडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन हक्स्लींचं एकमेकांशी नातं नव्हतं, त्यांनी काम स्वतंत्रपणे केलं होतं, आणि दोघांनी एकच सांगितलं: काड्या आपल्या लांबीच्या तेवढ्याच राहतात. त्या फक्त एकमेकींच्या आत सरकतात.

आत कोणीच आक्रसत नाही, कोणी लहान होत नाही, फक्त जवळ येतात, आणि त्यातून सगळा हात दुमडतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते.

या सरकण्यातला हात जाड काडीचा. तिचं नाव मायोसिन. तिच्या अंगाला शेकडो इवलीशी डोकी असतात. ती बारीक काडी पकडतात, मान झुकवून ओढतात, सोडतात, आणि पुढची जागा पकडतात. एका झटक्यात मिलिमीटरचा लाखावा भाग. विहिरीतून पोहरा काढताना बायका दोर ओढतात तसं: हा हात ओढतो तोवर तो हात पुढे जाऊन धरतो. दोन्ही हात एकदम सोडले तर पोहरा खाली, म्हणून डोकी कधी एका तालात ओढत नाहीत. काही धरून असतात, काही पुढे चाललेली असतात. एरवी बारीक काडीवरच्या पकडायच्या जागा झाकलेल्या असतात. मज्जातंतूचा निरोप आला की तंतूच्या आतल्या कोठारांतून कॅल्शियम सुटतं आणि त्या जागा उघड्या पडतात. निरोप थांबला की कॅल्शियम परत भरून ठेवायचं. तेही काम आपोआप होत नाही, त्यालाही शक्ती लागते.

आणि इथं ती गोष्ट आहे जिच्यासाठी मी हे सगळं सांगत बसले आहे. शरीरातल्या कामांना लागणारी शक्ती एटीपी नावाच्या रेणूत बांधलेली असते. मला वाटायचं, ती धरायला लागत असेल. हात घट्ट करायचा, जोर लावायचा, म्हणजे शक्ती तिथं. पण मायोसिनचं डोकं एकदा काडीला चिकटलं की ते सुटतं केव्हा, तर एटीपीचा नवा रेणू येऊन त्याला लागतो तेव्हा. त्या रेणूशिवाय ते सुटू शकत नाही. धरून राहायला काही लागत नाही, सोडायला लागतं.

स्नायू सर्वांत जास्त कधी दुखावतो हेही असंच वेगळं निघतं. तरुणपणी आम्ही मैत्रिणी राजगडावर जायचो. चढताना धाप लागायची, घाम निथळायचा, आणि उतरताना सगळ्या गाणी म्हणत. मग तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या अशा भरून आलेल्या असत की कठड्याला धरून आडवं-आडवं उतरावं लागे. आम्ही चढाला दोष द्यायचो. दोष उताराचा होता. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ओढत असतो आणि ओढता ओढताच लांब होत असतो; अंगाचा भार त्याला एकदम टाकता येत नाही, इंच इंच सोडावा लागतो. या आवरून सोडण्यात तंतूंना बारीक चिरा जातात. ठणका त्याचा असतो. लॅक्टिक आम्ल साठतं म्हणून दुखतं असं आम्हाला सांगितलं होतं, पण ते तर तास-दोन तासांत निचरून गेलेलं असतं. चिरा सांधायला तंतूच्या कडेला चिकटून झोपलेल्या काही पेशी जाग्या होतात. अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 साली त्यांचं पहिलं वर्णन केलं, आणि ते बेडकाच्या पायातल्या स्नायूत.

बेडूक इथेही आलाच. गॅल्वानीनं इटलीत बोलोन्याला विजेनं थरथरताना पाहिले ते बेडकाचेच पाय, आणि 1791 साली त्याविषयी लिहिलं. हक्स्ली आणि निडरगर्के यांच्या सूक्ष्मदर्शकाखालचा तंतूही बेडकाचाच. बारावीला असताना मीही एक बेडूक फाडला होता. सोललेल्या पायावर बाईंनी चिमूटभर मीठ टाकलं आणि मेलेला पाय उड्या मारायला लागला. वर्गात मुली किंचाळल्या. मी घरी आले आणि दोन दिवस स्वतःच्या दंडाकडे बघू शकले नाही. आपल्याविषयी जे कळलं त्यातलं किती त्या जिवाच्या मांडीतून आलेलं आहे, आणि आपण आपल्या बळाला नाव त्याचंच दिलं आहे. त्याचं ऋण मला त्या वयात कळलं नव्हतं, आता कळतं.

आपल्या मर्जीबाहेरचे स्नायूही आहेत. अंगावर काटा येतो तेव्हा प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवला स्नायू तो केस उभा करत असतो. हृदय तर दिवसाला लाखभर वेळा आवळतं, आणि स्वतःच्या वाट्याचं रक्त बहुतेक घेतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या सैल क्षणात. पण मला सांगायचं आहे गर्भाशयाविषयी. कळा येतात तेव्हा तो स्नायू आवळतो आणि आवळलेला असेपर्यंत बाळाला मिळणारं रक्त कमी होतं. म्हणून दोन कळांच्या मध्ये विसावा असतो. त्या विसाव्यात स्नायू सैल होतो, पण पूर्वीइतका लांब होत नाही. जिंकलेली जागा राखून तेवढीच ढील देतो, आणि पुढची कळ तिथून सुरू होते. माझ्या मुलाच्या वेळी आई उशाशी होती. कळ ओसरली की ती माझ्या कपाळावरून हात फिरवत म्हणायची, “आता सोड बाई अंग. हे मधलं तुझं आहे.” तिला हे कुणी शिकवलं असेल याचा अंदाज मी करू शकते.

तीन महिन्यांनी मी पहिल्यांदा पाटावर मांडी घालून बसले. मांडी घालायला कमरेपासून मांडीवर तिरका उतरून गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाणारा एक पट्टा मदत करतो; शरीरातला सगळ्यांत लांब स्नायू. शिंपी असेच बसून शिवत, म्हणून लॅटिनमध्ये त्याचं नाव शिंप्यावरून, सार्टोरियस. पाय दुमडला, गुडघा जमिनीकडे गेला, पण टेकेना. ती मुलगी म्हणाली, “रेटू नका. श्वास सोडताना त्याला आपण होऊन खाली जाऊ द्या.” मी श्वास सोडला. गुडघा बोटभर खाली आला. पुन्हा सोडला. समोर वाढलेलं ताट निवत होतं आणि मला घाई नव्हती.

आजी गेली तेव्हा मी एफवायला होते. पावसाळ्यातली दुपार. माजघरात तिला खाली घेतलं होतं. तिचं अंग इतकं सैल मी कधी पाहिलं नव्हतं. झोपेतसुद्धा तिची एक मूठ नेहमी अर्धी वळलेली असायची. आता बोटं उघडी पडली होती. शेजारच्या काकू धावत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “आधी डोळं मिटा, हनवटी बांधा, पायाचं अंगठं बांधून घ्या. अंग ताठायच्या आत.” त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. दोन-तीन तासांत पापण्या, जबडा, मान, मग हात-पाय. मला कारण तेव्हा माहीत नव्हतं. शेवटच्या श्वासानंतर नवा एटीपी तयार व्हायचा थांबतो, उरलासुरला संपतो, कोठारातलं कॅल्शियम पाझरतं, आणि लक्षावधी डोकी जिथं असतील तिथं काडीला धरतात. सोडवायला कोणी येत नाही. एक-दोन दिवसांनी सगळंच विरघळायला लागतं तेव्हा ती पकड सुटते. आपल्याकडे तेवढं थांबत नाहीत.

काकूंनी दोरा आणला. आईनं आजीचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला होता. जात्यावरचा हात. वीस वर्षं रोज पहाटे त्या हाताचा जोर केव्हा लागतो आणि केव्हा सुटतो हे तिला खुंट्यातून कळत आलं होतं. तिनं एकेक बोट सरळ केलं, तळहात पालथा करून छातीवर ठेवला, मग परत उचलला. काकू दोन वेळा म्हणाल्या, “वहिनी, सोडा आता.” आईनं मान हलवली आणि हात तसाच धरून ठेवला.

रात्री सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन आडवी झाली आणि म्हणाली, उजवा दंड भरून आलाय. दिवसभरात तिनं काही उचललं नव्हतं. मी वाटीत तेल कोमट करून आणलं आणि चोळत बसले. अंगठ्याखाली तिची बेटकुळी लागत होती, सुपारीसारखी घट्ट. बाहेर पाऊस चालू होता. बऱ्याच वेळानं ती सैल झाली, तोवर आईला झोप लागली होती.